पंचफुलाचा चेहरा

४ नोव्हेंबर
नेरला आले. पुसदहून बसने. बसस्टँडवर शंकरसिंगकाका स्वतः बॅग घ्यायला उभे होते. त्यांच्या फोटो स्टुडिओच्या वरची खोली मला पाहताक्षणी आवडली. खिडकीतून बाजाराकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या दिसतात. काम जुन्या फोटोंचं: स्कॅन करायचे, सॉफ्टवेअरमध्ये चिरा बुजवायच्या, डाग पुसायचे. काका म्हणाले, लोक गेलेल्या माणसांचेच फोटो आणतात, घाबरू नको. मी हसले. आई गेल्यापासून भिंतींशी बोलत होते. इथं निदान चेहरे आहेत.

९ नोव्हेंबर
काका दुपारी जेवायला घरी जातात ते चारला येतात. तोवर मी आणि फोटो. आज एका फेटेवाल्या आजोबांची मिशी केस-केस करून डागातून बाहेर काढली. डबा त्यांच्यासमोरच खाल्ला. पुण्याला भावाला, अश्वजितला, फोन केला. कामात होता. नंतर करतो म्हणाला.

१२ नोव्हेंबर
बोरी अरबहून तुळसाबाई आल्या. सत्तरीच्या, एकट्याच राहतात. पदरात गुंडाळून फोटो आणला होता. कृष्णधवल, जत्रेतल्या चितारलेल्या पडद्यासमोर दोन मुली. डावी त्या स्वतः, उजवी धाकटी बहीण पंचफुला. पंचफुलाचा चेहरा बुरशीनं पुरता खाल्लेला, नुसता पांढरा डाग. पन्नास वर्षांपूर्वी ती भांडून घरातून निघून गेली, परत आलीच नाही. दुसरा फोटो नाही. मी म्हटलं, जे उरलंच नाही ते कुठून आणू? त्यांनी पदरानं डोळे पुसून माझा चेहरा निरखला.
"तुह्यासारखीच होती. तुह्यासारखंच कर."
नाही म्हणवेना.

१४ नोव्हेंबर
माझाच सेल्फी काढला. डोळे, कपाळ, हनुवटी त्या पांढऱ्या जागी बसवलं, रंग काढून टाकले. इतकं बेमालूम बसलं की जोड मलाच सापडेना. तुळसाबाई फोटो न्यायला आल्या, पण रडल्या नाहीत. माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "आली बाप्पा." माझ्या गालाला कुणी हात लावल्याला वर्ष होत आलं.

१७ नोव्हेंबर
तुळसाबाई भाकर आणि अंबाडीची भाजी घेऊन बसने आल्या. मी जेवत असताना मला पंचफुला म्हणाल्या. मी त्यांना टोकलं नाही. बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते.

२० नोव्हेंबर
त्या सेल्फीवर डाग आलाय. गालाशी, बुरशीसारखा. मोबाइलमधल्या फोटोला बुरशी कशी लागेल? पुसला. जेवून बसले तर पुन्हा होता, आता डोळ्यापर्यंत.

२२ नोव्हेंबर
कॉलेजचा ग्रुप फोटो. ताडोब्याचा. आईसोबतचा. सगळ्यांत माझाच चेहरा तेवढा गेलाय. आई नीट आहे. एका पांढऱ्या डागाच्या खांद्यावर हात ठेवून हसतेय.
काकांना दाखवायला खाली गेले. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, कुणाचा फोटो न्यायला आलात बाई?

२३ नोव्हेंबर
मोबाइल माझ्या चेहऱ्यानं उघडत नाही. आकडे टाकून उघडला, अश्वजितला व्हिडिओ कॉल केला. त्यानं विचारलं, कोण तुम्ही? मी म्हटलं, अरे मी, समीक्षा. तो म्हणाला, ताईला फोन द्या. मी रडायला लागले, तरी तो तेच — ताईला द्या, ताई कुठंय —

२४ नोव्हेंबर
बोरी अरब. दुसरं कोण ओळखणार होतं मला?
तुळसाबाईंनी न्हाणीत पाणी काढूनच ठेवलं होतं. न्हाऊ घातलं. उन्हात बसवून केस विंचरले. विंचरता विंचरता हळूच म्हणाल्या,
"विहिरीत लय थंडी वाजली असंन ना तुले?"
विहीर? त्या तर म्हणाल्या होत्या, निघून गेली —
"रागात ढकललं मी. कोणाले सांगू नोको आता. आली ना तू."

२५ नोव्हेंबर
दाराला बाहेरून कडी. खिडकीतून विहीर दिसते. भर दुपार, तरी केस वाळत नाहीत. कालपासून. वहीवर थेंब —
माझं नाव समीक्षा. गाव पुसद. आईचं नाव
आईचं
कडी निघाली. हाक आली, पंचफुले. आणि माझ्या तोंडून ओ —