पातळ्या, जाड्या आणि पहिली फरशी

आदरणीय भाऊजींना, धाकट्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार (वाकून म्हणजे खरोखर वाकून. वही जमिनीवर ठेवून गुडघ्यांवर बसून लिहितोय. दिवसभर फरश्या बसवतो, त्यामुळे आता खुर्चीवर बसलं की हात चालत नाही).

तुमचा घसा कसा आहे? ताई सांगत होती की वर्गावर ओरडून आवाज बसला आणि आठवडाभर तुम्ही फळ्यावर लिहूनच रागावताय. गरम पाण्याच्या गुळण्या करा. पोरं काय, आवाज आला तरी ओरडणार आणि नाही आला तरी ओरडणार. भाचीचे दात आले का? ताईची कंबर? माझी तब्येत झकास. गुडघे तेवढे कुरकुरतात, पण आमच्या धंद्यात ज्याचे कुरकुरत नाहीत त्याला कामचुकार म्हणतात. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोन केला की ताई घेते आणि तुमच्या वाट्याला शेवटी "हं, बरं, ठेव" एवढंच उरतं. शिवाय विषय मोठा आहे. मला टॅबलेट घ्यायचाय. (गोळी नाही, पाटीसारखा असतो तो.) दोन पसंत केलेत, त्यातला कोणता घ्यावा ते तुम्ही सांगायचं.

आता मला हा शौक कुठून लागला असं ताई म्हणेल, म्हणून कारण सांगतो. आम्ही जिथे फरशी बसवतोय ते सात मजली दवाखान्याचं काम आहे. आमचे मुकादमकाका महिनाअखेर काम सोडून लेकीकडे राहायला चाललेत. त्यांच्या जागी कोण, यावर इंजिनीअर मॅडमनी दोन नावं काढली. एक माझं आणि दुसरं खांबाचं. खांब म्हणजे माझ्याच खोलीत राहणारा गडी. इतका उंच की बसला तरी उभा वाटतो. भिंतीची वरची फरशी तो स्टुलाशिवाय लावतो आणि वरून आमच्याकडे असा बघतो जसं काही उंची त्याने मेहनत करून मिळवलीय. मॅडमनी सांगितलं की कागदावरचे नकाशे आता बंद, सगळे टॅबलेटवर येणार. मुकादम होणाऱ्याने आपला टॅबलेट आणायचा, आणि शेवटच्या शनिवारी त्या एक नकाशा दाखवतील, त्यावर पहिली फरशी कुठे बसणार ते सांगायचं. जो बरोबर सांगेल तो मुकादम. भाऊजी, तुम्हाला माहीत आहे, तीन वर्षांत मी चार कामं सोडली. बेकरी सोडली, गोदाम सोडलं, धुलाईचं दुकान सोडलं, आणि चौथ्याने मला सोडलं. पण इथे पहिल्यांदा वाटतंय की थांबावं. सरळ बसलेल्या फरशीकडे बघून जे वाटतं ते पाव बघून कधी वाटलं नव्हतं.

तर रविवारी दुकानात गेलो. सोबत खोलीतला रंगारी घेतला, कारण त्याला सगळं कळतं (असं तो म्हणतो. भिंत कुठल्या रंगाची हेही तो दोनदा विचारतो ते सोडा). दुकानदाराने दोन टॅबलेट पुढे ठेवले. एक मोठा, पण पापडासारखा पातळ. दुसरा लहान, पण अंगाने भरलेला, पडला तरी फुटत नाही म्हणे. आम्ही लगेच नावं पाडली, पातळ्या आणि जाड्या. किंमत दोघांची सारखीच, त्यामुळे तिथेही सुटका नाही. दुकानदार अर्धा तास बोलला. मेमरी, प्रोसेसर, रिझोल्यूशन, आणखी काय काय. मी दर वाक्याला मान हलवत होतो. रंगारी तर त्याच्या आधीच हलवत होता.

शेवटी म्हटलं, तुमचं झालं, आता माझ्या पद्धतीने बघू द्या. फरशी घेताना आधी ती बोटाच्या पेरांनी वाजवून बघायची असते, पोकळ लागली तर बाजूला. दोघांनाही वाजवलं. जाड्याचा आवाज भरीव, पातळ्याचा जरा रिकामा. मग खिशातला काटकोन बघायचा गुण्या काढून कोपरे तपासले (रविवारी खिशात गुण्या कशाला, असं रंगाऱ्यानेही विचारलं. रविवारी काय कोपरे बदलतात?). दोघांचेही कोपरे गोल. हे मला पटलं नाही, पण चालवून घेतलं. मग उतार बघायला पातळ्यावर बाटलीतलं थेंबभर पाणी टाकलं, तर दुकानदार असा किंचाळला की शेजारच्या दुकानातला चष्मेवाला धावत आला. पण भाऊजी, थेंब घरंगळून डावीकडे गेला, हे सगळ्यांनी बघितलं. मी म्हटलं, माल वाकडा आहे. दुकानदार म्हणाला, तुम्ही वाकडे आहात. मग जाड्यावर टाकून बघितलं (परवानगी न घेता), तोही डावीकडेच. तेव्हा कळलं की वाकडं टेबल आहे. खाली वाकून पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, तर दुकानाचा खरा मालक आतून बाहेर आला (दुकानदार पगारी निघाला) आणि म्हणाला, दोन वर्षं आमचे मोबाइल इथून खाली पडतायत, आम्ही गिऱ्हाइकांना शिव्या घालत होतो! त्याने चहा मागवला. दुकानदाराने पुसायचं फडकं मात्र शेवटपर्यंत हातातून सोडलं नाही.

चहा झाल्यावर खरी परीक्षा. मॅडमनी सरावाला दिलेला एका न्हाणीघराचा नकाशा माझ्या फोनमध्ये होता, तो दोघांवर चढवला. इथे मी टेप काढला, आणि इथेच दोघांचं पितळ उघडं पडलं. तेच न्हाणीघर पातळ्यावर अकरा सेंटीमीटर आणि जाड्यावर नऊ! मी म्हटलं, मालक, यातला खरा कोण? दुकानदार म्हणाला, मोठं करून बघा की, आणि त्याने पडद्यावर दोन बोटं फाकवली. न्हाणीघर फुगत फुगत दिवाणखान्याएवढं झालं. मी टेप लावेपर्यंत त्याने परत लहान केलं. आता मला सांगा, ज्या खोलीचं माप चिमटीत बदलतं तिथे माणसाने फरशी कापायची कशी? रंगारी म्हणाला, जाड्याच घे, कमी फरशी लागेल. मालक हसत हसत आत गेला. मला वाटलं चहाचा ठसका लागला असावा.

असा सगळा प्रकार आहे. पडदा पातळ्याचा मोठा, पण कॅमेरा जाड्याचा छान. त्याने काढलेल्या फोटोत रंगाऱ्याच्या कानामागचा मागच्या महिन्याचा पिवळा रंगसुद्धा दिसला. मालकाने पुढच्या बुधवारपर्यंत दोन्ही बाजूला ठेवलेत. तुम्ही शिकलेले आहात, नीट विचार करून एकाचं नाव कळवा. ताईला नमस्कार, भाचीला पापा.

तुमचा,
भिंगरी

ता.क. वर एक गोष्ट थोडी फिरवून लिहिली आहे. नकाशा दोन्हीवर स्वच्छ दिसला. कळला कुठल्यावरच नाही. मालक कशाला हसला ते रंगाऱ्याने रस्त्यात सांगितलं. माप टेपने घ्यायचं नसतं, बाजूला आकडे लिहिलेले असतात, आणि वर कोपऱ्यात 'एकास पन्नास' असं काहीतरी असतं. मी समजत होतो पन्नास फरश्या. मुकादमकाका खडूने रेघ मारायचे आणि आम्ही बसवायचो, रेघ कुठून आली ते कधी विचारलंच नाही. खोलीत उभं केलंत तर पहिली फरशी कुठे ते मी डोळे मिटून सांगेन. कागदावरची खोली आणि खरी खोली यांचं नातं काय ते तेवढं मला लागत नाही. भाऊजी, शिकवाल का? रोज संध्याकाळी काम सुटल्यावर अर्धा तास, पडद्यावर, व्हिडिओ कॉल लावून. घसा बसलाय तर फळ्यावरच रागवा. मी पाचवीत तुमचा तास बुडवून खिडकीतून गेलो होतो, ती शिक्षाही त्यातच उरकून घ्या. म्हणून खरा प्रश्न असा होता की तुमचा फळा नीट दिसावा म्हणून पातळ्या घ्यावा, की माझी वही तुम्हाला नीट दिसावी म्हणून जाड्या.

ता.क. २. कोणता घ्यावा ते आता कळवू नका. मी हे लिहीत असताना खांब मागून (म्हणजे वरून) वाचत होता. मी वही झाकली, तो भांडला. मग खाली बसला आणि म्हणाला, मलाही नाही येत रे. तो परवाच जाऊन पातळ्या बघून आला होता, आणि त्यानेही टेप लावला होता! माझ्या जाड्यावरच्या मापापेक्षा दोन सेंटीमीटर जास्त चुकला, एवढंच समाधान. तर असं ठरलंय की तो पातळ्या घेणार, त्यावर तुमचा फळा दिसेल. मी जाड्या घेणार, त्याच्या कॅमेऱ्याने आमच्या वह्या तुम्हाला दाखवू. मुकादम कोणीतरी एकच होणार, पण तोपर्यंत वर्ग एकच. रंगारीही बसणार म्हणतो, मान हलवायला.

ता.क. ३. सोमवारपासून सुरू करू. गणित दोघांना एकच घाला, पण उत्तर आधी खांबाला विचारा. माझं तसं आलेलंच असेल, तरी पडताळून बघायला जरा वेळ मिळेल.