बाथरूममधली गोम

१ जुलै
बाथरूममध्ये गोम निघाली. चांगली बोटभर. करुणा म्हणाली, फवारणीवाल्याला बोलवा. बायकोला शांतपणे समजावलं: गोम म्हणजे कीटक नव्हे. शरीराच्या प्रत्येक खंडाला पायांची एकच जोडी. अंगातलं पाणी लवकर उडतं, म्हणून ओल शोधते. झुरळं खाते. उपकारच आहेत तिचे. जिवंत पकडून हर्सूल तलावाकडं सोडणार. उद्याच.

२ जुलै
क्रांती चौकातून रुंद तोंडाची बरणी आणली. गोम दिसली नाही. बाथरूममध्ये गेलोच नाही. तिला उजेड सोसत नाही, उगाच त्रास कशाला.

५ जुलै
सोसायटीच्या पार्किंगमध्ये छोटंसं लेक्चर दिलं. मादी खाणंपिणं सोडून अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, हे ऐकून दोघी-तिघी हळहळल्या. पुढच्या पायांचे विषारी आकडे असतात, पण आपण घाबरलो नाही तर चावत नाही, असंही ठोकून दिलं. खालच्या मजल्यावरच्या सोमनाथनं विचारलं, तुम्ही धरलीय का कधी? टेक्निक महत्त्वाचं, म्हणालो. सोसायटीनं ठरवलेली बिल्डिंगची फवारणी कॅन्सल!

८ जुलै, सकाळ
सासूबाई गुडघा दाखवायला करमाडहून आल्यात. बाथरूममध्ये कपडे धूत होत्या. ओरडल्या, "जावईबापू, गोम!" बरणी घेऊन गेलो. एकदम कूल. ती माझ्या पायावरून गेली. घरभर पसरू नये म्हणून बाहेर आलो आणि कडी लावली.
सासूबाई आत होत्या.

८ जुलै, दुपार
नीट लिहायला हवं. त्या आतून "कडी काढा, कडी काढा" म्हणत होत्या. मी दार दाबून धरलं होतं. कडी लावलेली असताना दाबायची गरज नव्हती. करुणानं स्वयंपाकघरातून येऊन मला ढकललं, दार उघडलं, चपलेनं गोम मारली. तोवर सासूबाईंच्या बोटाला चावली होती. हात मनगटापर्यंत सुजला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. रिक्षात बसलो तरी बरणी माझ्या हातातच राहिली होती.

१० जुलै
सूज उतरली. मेहुण्याचा, गोकुळचा, फोन आला. सासूबाई त्याला म्हणाल्या, "आरं, कडी अडकली व्हती. जावईबापूंनी लई खटपट केली." खरं सांगायला हीच वेळ होती. तोंड उघडलंसुद्धा. "कडी खराबच झालीय," म्हणालो. करुणा उठून आत गेली.

११ जुलै
कडी बदलायला सुताराला फोन लावला. कडीला नेमकं काय झालंय, त्यानं विचारलं. करुणा दारात उभी होती.
फोन ठेवला.