ओल्या रंगावर हार घालत नाहीत

प्रिय शालू,

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले, आणि घडलेली गंमत तुझ्याशिवाय सांगायची कुणाला? म्हणून लिहायला बसलो.

माझी ती चित्रातली डच म्हातारी आठवते ना? शेंद्र्याच्या कंपनीतून निवृत्त झालो आणि औरंगपुऱ्यातल्या सरांकडं तैलरंग शिकायला लागलो. सरांची पद्धत एकच. जुन्या डच उस्तादाचं चित्र समोर ठेवायचं आणि हुबेहूब उतरवायचं. आधी सगळा कॅनव्हास तपकिरी करायचा, मग त्या अंधारातून एकेक सुरकुती उजेडात आणायची. सावलीला रंग पातळ, उजेडाला जाड. तू चहा ठेवताना म्हणायचीस, "त्या बाईकडं बघता तितकं लग्नातबी माझ्याकडं बघितलं नव्हतं!"

आणि रंगात मिसळायचं ते जवसाचं तेल! तू कन्नड तालुक्यातली. "चटणीचं जवस चित्राला पाजतेत व्हय?" म्हणून कपाळावर हात मारून घेतला होतास.

किती वेळा म्हणालो, बस ना जरा समोर. बसलीस कधी? लगेच कुकरची शिट्टी, नाहीतर दारात दूधवाला. ती म्हातारी निदान हलत तरी नव्हती गं! फार राग यायचा तुझा. आता राग यायलाही तू नाहीस.

शेवटी फोटोवरूनच तुला काढायला घेतलं. वर्षश्राद्धाला हॉलमध्ये लावायचं ठरलं होतं. कपाळ जमलं, पण गालावरचा उजेड काही केल्या पुरेना. थरावर थर देत गेलो, अगदी परवापर्यंत. सर वैतागले, "अहो, एवढा जाड रंग वाळायला महिने लागतील!"

काल सूनबाई झेंडूचा हार घेऊन स्टुलावर चढली आणि मी ओरडलो, "थांब वैशाली, ओलं आहे!" हार खाली पाटावर ठेवावा लागला. तुझी धाकटी बहीण तर चिडलीच. "दाजी, हाराबिगर भिंतीवर? लोक म्हणतील, जिती हाय!"

खरं सांगू? मला इतका आनंद झाला! वर्षभर त्या हाराचीच धास्ती होती. एकदा तो गळ्यात पडला की तू कायमची फोटोतली होणार.

म्हणून तुला शब्द देतो. गाल वाळत आला की मी रंगाचा आणखी एक हात देईन. मी आहे तोवर वाळू द्यायचा नाही.

तुझाच,
अहो