म्हशीचा कोंडा

हैदराबाद

मायले रिताचा पाया पडून नमस्कार.

परवा फोनवर आवाज तुटत होता, तुले अर्धंच ऐकू आलं, म्हणून लिहून राहिली. गुड्डीच्या मोबाइलवर पाठवते, ती वाचून दाखवेल. माय, आपल्या म्हशीच्या कोंड्यानं इथं कमालच केली! धानाच्या कोंड्याच्या तेलात ई जीवनसत्त्वाचा एक वेगळा प्रकार असते. तो आम्ही बशीत वाढवलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकला, अन् त्यांची वाढ मंदावली. बाजूच्या, काही न टाकलेल्या बशीतल्या मात्र भराभर वाढूनच राहिल्या होत्या. मी लॅबमधी उड्याच मारल्या!

बाबाले सांग, आपण पांढरा भात खातो अन् खरा माल म्हैस खाते.

आपल्या आसगावले धानाची रोवणी झाली का? कॅन्सरच्या ऑपरेशनच्या बाजूचा तुझा हात अजून सुजते का?

लिहिता लिहिता गुड्डीचा फोन आला. म्हणे, परवापासून तू कोंडाच भिजवून पिऊन राहिली अन् दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या. असं काहून केलं वो माय? त्या बशीत नुसत्या पेशी होत्या, तू नव्हती. माणसाले हे लागू पडते का, ते आम्हालेच अजून ठाऊक नाही. आजच गुड्डीसंग दवाखान्यात जा, अन् गोळी सुरू झाली की मले फोन कर.

कोंडा म्हशीलेच दे. ती घमेल्याकडे पाहून राहिली असेल, अन् मी फोनकडे.

तुझीच लेक,
रिता