बरडावरच्या दोन खोल्या

माय, आपल्या बरडावर आता शाळा होणार आहे. सरकारने दोन खोल्या मंजूर केल्या आणि ती शाळा नेमकी तुझ्या ओट्यावर येते आहे. तुझी राख जिथं ठेवली, तिथंच. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हणून लिहायला बसलो. दुसरं कोण सांगणार आहे म्हणा.

गावातली शाळा तू पाहिलीस. नवी होती तेव्हा तिच्या भिंतीवरून हात फिरवून आली होतीस. ती काळ्या जमिनीत उभी केलेली. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. कपाशीला ती मायाळू, पण भिंतीला सुखानं उभं राहू देत नाही. आता एका वर्गातली भेग इतकी रुंद झाली आहे की पोरं तिच्यात खडू लपवतात. पाऊस लागला की बाई सगळ्यांना ओसरीत घेऊन बसतात आणि चारही वर्ग एका सुरात पाढे म्हणतात. मागच्या पावसाळ्यात भिंतीचा तुकडा खाली आला. रविवार होता म्हणून निभावलं. मग ठराव झाले, अर्ज झाले, मी महागावला खेपा घातल्या, एसटीनं यवतमाळला जाऊन साहेबांच्या दाराशी बसलो. चौथीनंतर शाळा सुटली तरी पेपर वाचून, कागद चाळून सरकारी भाषा आता मला बरी उमजते. मंजुरी आली तेव्हा आम्ही गावात पेढे वाटले.

मग इंजिनिअर आला. पोरगाच, पण समजदार. म्हणाला, "काका, पैसा सरकारचा, जागा गावाची. जुन्या जागी बांधलं तर पुन्हा फाटणार. काळ्या मातीत पाया खोल न्यावा लागतो, तेवढी रक्कम अंदाजपत्रकात नाही. वाढीव मागितली तर कागद परत यवतमाळला जातो, आणि मार्च संपला की निधीही परत. मुरमाची जागा दाखवा." आपल्या शिवारात रस्त्याला लागून मुरूम एकाच ठिकाणी आहे, माय.

ती जागा तूच मागून घेतलीस. तू चुलीपुढे बसली आहेस, भाकरी थापते आहेस, आणि मध्येच म्हणतेस, "मी मेली का मले बरडावर ठेवजा." मी म्हणतो, विहिरीजवळ सावली आहे. तू परातीवरून मानही वर करत नाहीस. "चांगली जमीन अडवून मी तिथं काय करू? तिथं कपाशी येते. बरडावर तं तीळ बी येत नाई." आणि भाकरीचा पापुद्रा काढून, आत तेल-तिखट घालून माझ्या ताटात टाकतेस. विषय संपला. तुझ्यानंतर आम्ही दोघा भावांनी तसंच केलं.

म्हणून इंजिनिअरच्या मोटरसायकलवर मागे बसून मी त्याला बरडावर नेलं. पण सातबाऱ्यावर लहान्याचंही नाव आहे, माझ्या एकट्याच्या सहीनं काय होतं? तोही मागोमाग बरडावर आला आणि तिथंच बिथरला.

"भाऊ, माय काय तुही एकट्याची होती काय?"

"नाई रे बाबू."

"मंग कोनाले इचारून जागा दाखवून राह्यला?"

इंजिनिअरनं मोटरसायकलच्या सीटवर नकाशा पसरला. लहान्यानं एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ओटा इथं येते. इथं काय हाय?"

इंजिनिअर घुटमळला. "स्वच्छतागृह."

लहान्यानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि बांधानं निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलेना. समोर आला तरी मान खाली घालून जायचा. इकडे मार्च जवळ येत होता आणि पोरं ओसरीतच होती. कोणाला दोष द्यावा? मलाही त्या रात्री जेवण गेलं नव्हतं.

शेवटी इंजिनिअरला पुन्हा बोलावलं. तो म्हणाला, "काका, नकाशा वरून येतो. मापं मला हलवता येत नाहीत."

"मापं नको हलवू. तोंड कोन्या बाजूनं ठेवाचं हे बी वरूनच येते काय?"

तो हसला. "ते जागेवर ठरतं." मग त्यानं कागद फिरवून धरला. स्वच्छतागृह रस्त्याकडे गेलं आणि तुझ्या ओट्यावर खिचडी शिजवायची खोली आली.

मी लहान्याच्या अंगणात गेलो. तो दोर वळत बसला होता. मी सांगितलं, आता तिथं सैपाकाची खोली येते. त्यानं दोराला आणखी एक पीळ दिला.

"चूल कोन्या बाजूले?"

"चूल कायची, गॅस हाय आता."

"मायले गॅस नसता आवडला."

"तिले आपन केलेलं काय आवडे रे?"

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी आम्ही महागावला जाऊन दानपत्रावर सह्या केल्या. येताना त्याच्याच मोटरसायकलवर मागे बसलो. खड्डा आला की तो म्हणे, "भाऊ, धरून बस."

उद्या ओट्याचे दगड उचलायचे आहेत. गाव म्हणतं, मोठ्या मनानं जागा दिली. तुला मात्र खरं सांगतो. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून माझं बरडापर्यंत पायी येणंच होत नाही. मागच्या सर्वपित्रीला लहान्या एकटाच जाऊन आला, मी अंगणातूनच हात जोडले. तरोट्याचं तण इतकं माजलं की ओटा दिसत नव्हता म्हणाला. इंजिनिअरला मी मुरमासाठी तिकडे नेलं, हे खोटं नाही. पण त्याला तिकडे वळवलं तेव्हा डोक्यात शाळा नव्हती. तुझ्याजवळ रोज कोणी तरी बोलायला असावं, एवढंच होतं. हे लहान्याला सांगितलेलं नाही. तुला सांगायला म्हणून लिहिलं, आणि आता हा कागदही घडी करून खिशातच ठेवतो आहे.