हात बसला

सर, करंज्याच्या त्या पोरीचा हात तुमच्यामुळे गेला नाही. हे वाक्य तुम्ही असताना बोलायला हवं होतं. तुम्ही गेलात त्यालाही आता नऊ वर्षं होतील. मी अजून त्याच कॉलेजात आहे, त्याच जागेवर, सहायक प्रशिक्षक. मुख्य मला कुणी केलं नाही, मी मागितलंही नाही. काम तेच, जे तुम्ही पहिल्या दिवशी दिलंत. गावोगाव फिरायचं आणि संघासाठी पोरी शोधून आणायच्या.

बेसबॉल म्हटलं की पनवेलमध्ये तेव्हा लोक हसायचे. एसटीत शेजारी बसलेला माणूस माझ्या मांडीवरचा ग्लोव्ह बघून विचारायचा, "हे काय, भट्टीवर घालायचं का?" तुम्ही म्हणायचात, खेळ शिकवता येतो, फेक शिकवता येत नाही, ती कुणाकडे आहे तेवढं बघून ये. म्हणून मी आपट्याला जायचो, उरणला जायचो, जिथे एसटी जाते तिथे जायचो आणि माणसाच्या चेहऱ्याआधी हात बघायचो. ती सवय अजून गेलेली नाही. लग्नात सगळे नवरानवरीकडे बघत असतात, मी अक्षता कोण कुठून टाकतं आणि त्या कुठे पडतात ते बघतो.

करंज्याला ती धक्क्यावर बसली होती. नुकतीच बोट लागलेली, पुढ्यात मासळीचा ढीग, भोवती लांबजवळ पाच टोपल्या. ती आईशी भांडत होती आणि भांडता भांडता मासे निवडून फेकत होती. बोंबील एकीकडे, मांदेली दुसरीकडे, कोळंबी पार मागे. टोपल्यांकडे बघतही नव्हती. मी अर्धा तास उभा राहिलो. एकही मासा चुकीच्या टोपलीत पडला नाही. मग पुढे झालो, पाण्यात बोट बुडवून कोरड्या दगडावर चौकोन काढला आणि तिच्या आईला खेळ समजावला.

"चारी कोपरं पलून परत घराच याचा?" आईनं विचारलं.

"हो."

"मंग निंगालीच कनाला?"

आजूबाजूच्या बायका हसल्या, मीही हसलो. आई हसली नाही. म्हणाली, "तुमी आमच्याकरचंच दिसता, म्हनून इचारते. हिचा हात हाय म्हनून आमचा काम उरकते. हाताला काय व्हनार नाय ना?"

"नाय व्हनार," मी म्हणालो, "हात माज्यावर सोरा." बेलपाड्याच्या आमच्या घरातली बोली कॉलेजच्या कामात मी कधी तोंडावर येऊ देत नसे. त्या दिवशी ती आपोआप आली आणि उपयोगी पडली.

संध्याकाळी क्रीडाविभागात तुम्ही हेल्मेटं पुसत बसला होता. मी सगळं सांगितलं, मोठ्या खुशीत. तुम्ही फडकं खाली ठेवलंत. "दुसऱ्याच्या हाताची हमी देणारा तू कोण रे? डॉक्टर आहेस?" मग तुम्हीच म्हणालात, "हमी देत जाऊ नकोस. विचारत जा. प्रत्येक सामन्याआधी विचार. मी विचारलं तर पोरी हात बरा आहे म्हणणार, मी मोठा सर. तुला खरं सांगतील. तू मला सांगायचंस, मग मी बॉल द्यायचा." दोन वर्षं आपण तसंच केलं. तिनं त्या दोन वर्षांत काय फेकलं ते तुम्ही बघितलंय. समोरची बाद झाली की ती हळूच "जा घरा" म्हणायची. पंचांना ते कधी कळलं नाही. तुम्हाला कळायचं आणि तुम्ही तोंड फिरवून हसायचात.

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला तो उपांत्य सामना. आपली दुसरी पिचर तापानं पडलेली, त्यामुळे सलग तीन दिवस हीच फेकतेय. सकाळी मुलींच्या मुक्कामाबाहेरच्या नळावर मी तिला विचारतो, हात कसा आहे. ती म्हणते, "सर, हात बसला." मी मैदानाच्या कडेला येतो. तुम्ही चहा पीत उभे आहात.

"काय म्हणते?"

"हात बसला म्हणते."

तुम्ही हसता. "बसणारच. दोन वर्षं घोटलाय तिनं." आणि चहा संपवून बॉल तिच्या हातात देता.

पाचव्या इनिंगला तिनं फेकलेला बॉल अर्ध्यातच पडला. ती बॉलकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणी टाकला असावा, आणि मग तिथेच खाली बसली. सामना गेला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी कोपर बघितलं आणि सांगितलं की रोजचं काम होईल, जोरानं फेकणं आता विसरा. तुम्ही तिच्या खाटेशी वाकून विचारलंत, "बाळ, सांगायचं नाहीस का?"

"सकालीच बोलले ना छोट्या सरांना. हात बसला."

"आवाज बसतो तसा?"

"मंग कसा?"

बाहेर आल्यावर तुम्ही भिंतीला टेकलात. म्हणालात, "मी घाटावरचा माणूस. तीस वर्षं इथे काढली आणि पोरीचा एक शब्द कळला नाही. तू जसाच्या तसा आणून दिलास, मीच उलटा घेतला. चूक माझी." मी म्हणालो, "असू दे सर." एवढंच म्हणालो.

मग आपण करंज्याला गेलो. तुम्ही ओसरीवर तिच्या आईपुढे हात जोडलेत. ती म्हणाली, "हात जोरून काय व्हते मास्तर? चा घ्या." तुम्ही कप तसाच खाली ठेवलात. ती बराच वेळ त्या कपाकडे बघत होती. "पोरीचा गेला तो गेला. आता माजे हातचा तरी टाकू नका." तुम्ही उचलून प्यायलात. त्या वर्षी संघ सोडलात, नुसते वर्ग घेतलेत आणि निवृत्त होईपर्यंत मैदानावर पाऊल ठेवलं नाही. पावसाळी दिवसांत वर्गाच्या खिडकीतून तुम्ही मैदान बघत असायचात आणि मी खालून तुम्हाला.

गेल्या महिन्यात करंज्याला गेलो होतो, कामासाठीच. उलव्याचा डोंगर विमानतळासाठी कापलाय, ओळखीची वळणं आता कळत नाहीत. धक्क्यावर लिलाव चालू होता आणि तो तीच पोरगी पुकारत होती, डावा हात वर करून. आवाज खणखणीत. मला बघून थांबली. "काय सर, अजून पोरी पलवता का?"

"पळवतो."

"त्यांच्या आयांना काय सांगता?"

"काही नाही. रोज विचारत जाईन म्हणतो."

"इचारता," ती म्हणाली, "पन आयकता का?" आणि हसून पुढच्या टोपलीकडे वळली. तिनं थट्टेतच म्हटलं असेल. मी तिथून निघालो आणि स्टँडवर दोन गाड्या सोडल्या.

सर, त्या सकाळी नळावर ती बोलली तेव्हा तिचा उजवा हात तिच्या डाव्या हातात होता. कोपराखाली धरलेला, आजारी मूल धरावं तसा. तोंड धुवायला तिला डावा हात सोडवेना, म्हणून एका मैत्रिणीनं तिच्या तोंडावर पाणी मारलं. हे सगळं मी बघितलं. शब्द मी तुम्हाला जसाच्या तसा दिला, हे खरं. त्याचा आमच्या घरातला अर्थ सांगितला नाही, हातही सांगितला नाही. तुम्ही हसलात तेव्हा एक क्षण होता, तुमच्या कपात दोन घोट उरले होते, तेवढा वेळ होता. पण ती मी शोधलेली होती. तुम्ही शिकवलेलं होतं, तिनं फेकलेलं होतं, माझं म्हणावं असं त्या संघात तिचं सापडणं एवढंच होतं, आणि ते सगळ्यांनी अंतिम सामन्यात बघावं असं मला वाटत होतं. पुढे तुम्ही शब्दाचा दोष स्वतःवर घेतलात आणि मी तो तुमच्याकडेच राहू दिला. चार वर्षं तुम्ही होता. रोज भेटत होतो.

दिवाळीला मी अजून तुमच्याकडे जातो. काकू ताट पुढे करतात आणि म्हणतात, "ह्यांना शेवटपर्यंत त्या मुलीचं लागून राहिलं होतं रे." मी चकली मोडतो. या वेळी हे कागद त्यांना द्यायचे असं ठरवून काल तुमच्या दारापर्यंत आलो होतो. दिले नाहीत. या वयात त्यांना कशाला त्रास, असं जिना उतरताना मी स्वतःला सांगितलं. ते खरं नाही, सर. जेवून जा म्हणणारं पनवेलमध्ये मला ते एकच घर उरलंय.