साक्षीदाराला काही मिळत नाही

मी, शेषेराव शिमोन सोनकांबळे, वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षक, राहणार मुरुड, जिल्हा लातूर (जिल्हा वेगळा होऊन वर्ष झाले तरी हात उस्मानाबादच लिहायला जातो), पूर्ण शुद्धीवर आणि आनंदात हे लिहून ठेवतो. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. मेलो म्हणून मात्र एकदा जाहीर झालो आहे.

एक. राहते घर व माझे बायबल मुलगी सिंधु हिला. समासातल्या पेन्सिलीच्या शंका माझे मित्र शरणप्पा यांच्या, शाईची उत्तरे माझी. काहीही खोडू नये.

दोन. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या शेतात विहीर खणताना दरड कोसळून मी गाडला गेलो. गावचे पुढारी हणमंतराव यांनी काठावर श्रद्धांजलीचे भाषण केले आणि विहीर बुजवायला सांगितले. खडी फोडणारी नीलाबाई म्हणाली, "मास्तर जित्ता हाय. म्या आवाज ऐकला." बाईचं काय ऐकता, म्हणून सगळे हसले. एकट्या शरणप्पांनी फावडे उचलले. हणमंतरावांवर आता राग नाही. फक्त माझ्या दफनाला त्यांनी पुन्हा भाषण करू नये.

तीन. गळ्यातले इष्टलिंग मुठीत धरून शरणप्पा तेव्हापासून विचारतात, येशू उठला कशावरून? मी सांगतो, रिकामी कबर आधी बायांनी पाहिली. त्या काळी बाईची साक्ष कोण धरत होते? गोष्ट रचायची असती तर पुरुष उभे केले असते. आणि सांगणाऱ्यांना मिळाले काय? फटके आणि तुरुंग. जीव देवासाठी तहानतो, म्हणजे देव आहेच, हेही सांगून पाहिले.

"बहात्तरला तहान लई होती, मास्तर. पाणी कुठं होतं?"

"खालीच होतं. मला उकरताना तुमच्याच फावड्याला लागलं."

त्यावर त्यांनी बायबल ओढून पेन्सिल हातात घेतली.

चार. ती विहीर व भोवतालची वीस गुंठे जमीन शरणप्पांना. वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून पहिली साक्षीदार नीलाबाई. तिला हे सांगितले, तर म्हणाली, "तवा तरी काय मिळालं व्हतं?" दुसरी जागा अजून कोरी आहे.

दुरुस्ती. आज सकाळी हे शरणप्पांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "चार नंबर खोडा. विहीर पोरीला द्या. मला साक्ष करायची हाय."

"येशूचं पटलं का?"

"न्हाई. पण तुम्ही मातीतून जित्ते निघाले, ते म्या पाह्यलं. सांगाया माणूस नको का?"

कलम चार खोडले. विहीर व जमीन सिंधुला. खोडाखोड माझ्या हातची व मला कबूल. वादात मी जिंकलो की हरलो ते कळत नाही, पण इतका आनंद मला विहिरीतून बाहेर आलो तेव्हाच झाला होता.

मुरुड, ११ सप्टेंबर १९८३
सही: शेषेराव शिमोन सोनकांबळे

साक्षीदार:
१. नीलाबाई रामकिशन सुरवसे, डाव्या अंगठ्याचा ठसा
२. शरणप्पा संगप्पा बिडवे, सही, शाईने